ना-विकास क्षेत्रात कोण राहतं?

शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा भिंतीवर लागला की माणूस आधी आपलं घर शोधतो. ते सुखरूप सापडलं की जीव भांड्यात पडतो, आणि मग तो शेजाऱ्याच्या घरावरून रस्ता गेलाय का ते बघतो. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला तेव्हा असंच झालं. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, जुन्या वास्तू गायब झालेल्या. चुकांचा असा सुकाळ, की एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदाच रद्द केला आणि नव्याने बसा म्हणून सांगितलं. मुंबईकर खूश झाला. आपण आरडाओरडा केला की ऐकलं जातं, असा समज काही दिवस टिकला.

मी गोरेगाव पूर्वेला राहते. त्यामुळे असा नकाशा दिसला की माझं बोट आपसूक आरेकडे सरकतं. आरे कॉलनी जुन्या आराखड्यात ना-विकास क्षेत्रात होती, नव्या मसुद्यात तिथे बांधकामाला वाट करून देण्याचा इरादा होता, पुढे आणखी काय काय झालं ते ओघाने येईलच. पण त्या नकाशात मी शोधत होते ती नावं होती पाड्यांची. केलतीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा. रस्ता होता, तलाव होता, फिल्मसिटी होती. पाडे मला सापडले नाहीत. कोळीवाड्यांची आणि गावठाणांचीही तेव्हा हीच तक्रार होती. पाडेच नाहीत म्हटल्यावर बिबट्या कुठून कुठे जातो, रानडुकरं पाण्यावर कुठे येतात, हे शोधण्यात काही अर्थच नव्हता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे बसलं आहे, की नगररचनेत माणसाला न्याय आणि बाकीच्या जिवांना न्याय अशा दोन वेगळ्या फायली नाहीत. एकाच टेबलावर, एकाच पेनाने दोघांनाही वगळलं जातं. नंतर मात्र दोघांना समोरासमोर उभं करून आपल्याला विचारतात, बोला, तुम्ही कोणाच्या बाजूचे?

आरे हे मुळात अस्पर्शित जंगल नव्हे, हे आधी कबूल करायला हवं. १९४९ साली तिथे दूध वसाहत उभी राहू लागली ती शहराच्या सोयीसाठी. मुंबईच्या भरवस्तीत तबेले होते, म्हशी होत्या, शेणामुताचे ओहोळ होते, आणि दुधात पाणी होतं. दारा खुरोडी यांनी आखलेल्या योजनेतून तबेले शहराबाहेर नेले गेले, १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि तीन हजारांहून जास्त एकरांवर तबेल्यांची युनिटं पडली. आजही आरेतला पत्ता युनिटच्या नंबराने सांगतात. योजना चांगलीच होती. लहानपणी काचेच्या बाटलीतून आलेलं ते दूध पिऊन वाढलेली पिढी अजून हयात आहे. पण ज्या जमिनीवर युनिटं पडली तिथे वारली होते, मल्हार कोळी होते, त्यांची भाताची खाचरं होती. ती जमीन सरकारची झाली आणि जमिनीवरची माणसं तिथेच राहिली, वसाहतीत मजुरी करू लागली. आज आरेत सत्तावीस पाडे आहेत असं सांगतात. सातबारा बहुतेकांकडे नाही. त्यामुळे घराचं छप्पर बदलायचं म्हटलं तरी परवानगी, विजेचा मीटर हवा तरी ना-हरकत, नळ हवा तरी ना-हरकत. ‘ना’ हे अक्षर त्यांच्या वाट्याला दोनदा आलं.

या आरेला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. एकशे तीन-चार चौरस किलोमीटरचं जंगल, पोटात विहार आणि तुळशीचे तलाव, कान्हेरीची लेणी, आणि चारही बाजूंनी दाबून धरणारं शहर. यात बिबट्या राहतो. पाहुणा म्हणून नव्हे, कायमचा रहिवासी म्हणून. २०१५ मध्ये कॅमेरे लावून पहिली नीट मोजणी झाली तेव्हा उद्यान आणि आरे मिळून पस्तीस बिबटे ओळखता आले, पुढच्या मोजण्यांत आकडा वाढत पन्नाशीच्या आसपास गेला. जगात एवढ्या कमी जागेत इतके बिबटे फार थोड्या ठिकाणी असतील, आणि एवढ्या माणसांना खेटून तर नाहीतच.

२००२ ते २००४ ही वर्षं बोरिवली, मुलुंड, पवई, आरे, ठाणे या पट्ट्यातली माणसं विसरणार नाहीत. २००४ च्या जूनमध्ये तर बिबट्याच्या हल्ल्याच्या एका बातमीची शाई वाळते न वाळते तोच दुसरी बातमी यायची. मरणारी बहुतेक गरिबाघरची. त्यांत लहान मुलं फार. तेव्हा सगळ्यांची एकच मागणी, पिंजरे लावा. पिंजरे लागले, बिबटे धरले गेले. उद्यानात डुकरं आणि ससे सोडावेत म्हणजे बिबट्या बाहेर येणार नाही, अशीही एक योजना चर्चेत होती. सरकारला कधी कधी सुचतं ते बालनाट्यात शोभावं असं असतं.

खरं कारण हळूहळू उलगडलं, आणि त्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नरकडच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. उसात धरलेला बिबट्या लांबच्या जंगलात नेऊन सोडला की प्रश्न मिटत नाही, तो नव्या पत्त्यावर जातो. अनोळखी रानात सोडलेलं जनावर बावचळतं, आणि जिथे पूर्वी हल्ले नव्हते तिथे सुरू होतात. राष्ट्रीय उद्यानातही बाहेरून धरून आणलेले बिबटे सोडले जात होते. आणि इकडे इथला जुना बिबट्या उचलला की त्याची रिकामी हद्द बळकावायला दोन तरणे येतात. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो काही तिथे थांबला नाही. रस्ते, रूळ, कारखाने ओलांडत सुमारे एकशे वीस किलोमीटर चालून मुंबईच्या उंबरठ्याशी आला, आणि वाटेत कोणा माणसाला त्याने नखही लावलं नाही. त्याचं नाव ‘आजोबा’. त्याच्यावर पुढे मराठीत सिनेमाही आला. २०११ च्या डिसेंबरात मुंबईजवळच्या महामार्गावर गाडीने उडवलं तेव्हा तो गेला. रस्त्याची आखणी करताना त्याच्यासारख्याला खालून वाट ठेवायची असते हे आपल्याकडच्या अंदाजपत्रकात तेव्हा नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते याहून साधं. त्या वर्षांतले हल्ले कुठे आणि कधी झाले ते बघितलं तर पहाटे किंवा रात्री झाडीत परसाकडे बसलेली बाई, अंधारात एकटं गेलेलं मूल, हीच चित्रं पुन्हा पुन्हा दिसतात. बिबट्या उभ्या माणसाला सहसा बिचकतो. बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, त्या उंचीचं जनावर वाटतं. आता ती बाई झाडीत का गेली? कारण घरात संडास नव्हता. बिबट्या तिथे का होता? कारण कचऱ्याचा ढीग होता, ढिगावर कुत्री आणि डुकरं होती, आणि कुत्रं हे इथल्या बिबट्याचं रोजचं जेवण आहे. ढीग का होता? कारण गाडी येत नव्हती. बिबट्यावरचा अन्याय आणि त्या बाईवरचा अन्याय, दोन्ही घनकचरा खात्याच्या एकाच वहीत न झालेल्या फेरीच्या नोंदीत सापडले असते.

२०११ मध्ये सुनील लिमये उद्यानाचे संचालक असताना वनखात्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ नावाने काम सुरू केलं. अभ्यासक, स्वयंसेवक, पोलीस, पालिका, पत्रकार एकत्र बसवले. वस्त्यांत, सोसायट्यांत, शाळांत जाऊन बोलणं सुरू झालं: अंधारात मूल एकटं सोडू नका, घोळक्याने जा, मोबाइलवर गाणं लावा, कचरा उघड्यावर टाकू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला कोंडू नका. पुढच्या काही वर्षांत हल्ले खूपच कमी झाले. बिबटे कमी झाले नव्हते. उलट वाढलेच.

आरेतल्या एका पाड्यावरच्या मावशी पावसाळ्यात आमच्या बाजाराच्या तोंडाशी बसतात. समोर ओल्या गोणपाटावर करटोली, अळूच्या जुड्या, शेवळं असली तर शेवळं, आणि गणपतीच्या आसपास काकड्या. करटोल्याला भाव विचारला की आधी आपल्या पिशवीकडे बघतात, मग भाव सांगतात. पिशवी मॉलची असेल तर दहा रुपये जास्त. मी त्यांना एकदा वाघाबद्दल विचारलं. त्या बिबट्याला वाघच म्हणतात. मला वाटलं होतं काहीतरी देवाधर्माचं ऐकायला मिळेल. पाड्याबाहेर वाघोबाचं ठाणं आहे, शेंदूर फासलेलं, वर चंद्र-सूर्य कोरलेले. वाघबारशीला तिथे नारळ फुटतो, कोंबडं कापतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून अशी दीडशेवर ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. पण मावशी म्हणाल्या, “वाघाचं काय, तो आधीपासून हाय. संडासाकडचा खांबावरचा दिवा गेलाय ताई, गणपतीपासून. तुमी लिवता ना? त्याचं लिवा.”

मी लिहिते आहे.

हे वाचून कोणी असं समजू नये की वारल्यांना वाघाची भीती नसते, ते निसर्गाशी एकरूप असतात वगैरे. आपल्याला फ्लॅटमध्ये बसून तसं मानायला आवडतं. २०२२ च्या दिवाळीत आरेच्या युनिट १५ मध्ये दीड वर्षाच्या मुलीला बिबट्याने मारलं. त्या घराला सहजीवन वगैरे शब्द ऐकवायला माझी जीभ उचलणार नाही. वाघोबाचं ठाणं सांगतं ते इतकंच, की त्या लोकांनी धोक्याला शेजारी मानून त्याच्याशी काही नियम ठरवले. नियम पाळायला उजेड, भिंत आणि दार लागतं. ते देणं देवाचं काम नाही, पालिकेचं आहे.

आमच्या भागातल्या एका सोसायटीची सभा सांगते. सोसायटीचं आणि कोणाचंही नाव सांगत नाही. बिबट्याने आवारातून कुत्रं उचलल्याचं चित्रण व्हॉट्सॲपवर फिरलं होतं. सीसीटीव्हीच्या करड्या उजेडात एक लांबलचक शेपूट पार्किंगमधून जाते, बारा सेकंदांनी परत येते तेव्हा तोंडात काहीतरी असतं, बस. सभेत वरच्या मजल्यांवरची मंडळी सगळ्यात जास्त घाबरलेली होती. पिंजरा लावा, वनखात्याला नोटीस द्या, भिंतीवर विजेची तार ओढा. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, पिंजरा लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा आदेश लागतो, हे एका निवृत्त गृहस्थांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांना कोणी ऐकलं नाही. दाराशी रात्रपाळीचा रखवालदार उभा होता, बिहारचा, पन्नाशीचा. त्याची प्लास्टिकची खुर्ची मागच्या गेटाजवळ, सोसायटीचे ओल्या कचऱ्याचे डबे ठेवतात त्याच्या शेजारी. झाकणं तुटलेली. कुत्री तिथेच जमायची, म्हणून बिबट्या तिथेच यायचा. रात्रभर बिबट्याच्या सर्वांत जवळ, बसलेल्या अवस्थेत, एकच माणूस असायचा, आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. सभेचा ठराव झाला तो आणखी चार कॅमेरे बसवण्याचा.

यातल्या कुत्र्याचंही बघा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे हजारेक माणसं कुत्रा चावण्यापासून वाचतात. हा हिशेब मला चातुर्याचा वाटतो पण पटत नाही. बिबट्या आपल्या उपयोगी पडतो म्हणून त्याला राहू द्यायचं, तर उद्या निरुपयोगी ठरला की काय करायचं? आणि कुत्र्याची बाजू त्यात कुठेच नाही.

कोणाकडे कोणता कागद आहे, यावर या शहरात जिवाची किंमत ठरते. बिबट्याकडे पहिली अनुसूची आहे. सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ सापडलं; प्रवाळही पहिल्या अनुसूचीतलं, त्यामुळे २०२० मध्ये ते रीतसर उचलून दुसरीकडे नेऊन लावलं. छान झालं. त्याच खडकांच्या आसपास पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्या वरळीच्या कोळ्यांना मात्र त्याच रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर वाढवून द्या, होड्या आपटतील, एवढं पटवायला वर्षं लागली. साठ मीटरचं एकशे वीस झालं ते २०२२ च्या अखेरीला, तेही काम अडवून बसल्यावर. त्यांनी मागितलं होतं याहून बरंच जास्त.

कबुतराकडे कागद नाही, पण त्याला भाविक आहेत. २०२५ च्या जुलैत मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सरकारने सांगितलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, आणि ऑगस्टमध्ये जमावाने ती फाडली. विष्ठेने फुप्फुसांचा आजार होतो असं डॉक्टर सांगतात, दाणे न मिळाल्याने जीव जातात असं भाविक सांगतात. दोघांनाही मी नावं ठेवणार नाही. मला खटकतं ते हे, की पोत्याने धान्य टाकून वाढवलेल्या एका पक्ष्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या शहरात चिमणीला बसायला कोनाडा राहील अशी इमारत बांधा, असं एकाही बिल्डरला कोणी सांगितलेलं नाही.

आणि विंचू. आरेत सापडलेल्या विंचवाच्या एका नव्या जातीचं २०१० मध्ये शास्त्रीय वर्णन झालं, तिचं नावच लायकस आरेयेन्सिस. ज्या जागेच्या नावावरून एका जिवाचं नाव पडलं, त्या जागेवर जंगल नाही असा युक्तिवाद पुढे वर्षानुवर्षं न्यायालयात चालला.

आरेतल्या मेट्रो तीनच्या कारशेडचं प्रकरण मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर खूप बोलून झालं आहे आणि दोन्ही बाजूंनी घसा बसला आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने तिथली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री विजेच्या झोतांत करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत एकवीसशेहून जास्त झाडं पडली होती, आणि निदर्शनं करणाऱ्या एकोणतीस जणांना अटक झाली होती. मग सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला गेली, आरेतली आठशे बारा एकर जागा राखीव वन ठरली. पुन्हा सरकार बदललं, कारशेड परत आरेत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी धावू लागली. मी तिने जाते. गाडी उत्तम आहे. लोकलच्या रुळांवर आणि दारांत दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात त्या शहरात मेट्रो नको असं म्हणणाऱ्याने एकदा सकाळी साडेआठला अंधेरीला लोकलमध्ये चढून दाखवावं. वाद मेट्रोचा नव्हताच. गाड्या उभ्या करायला कोणती जागा, आणि ती ठरवताना तिथे राहणाऱ्यांना विचारलं का, एवढाच होता. प्रजापूरपाड्यातली कुटुंबं पुनर्वसनाच्या इमारतीत गेली. त्यांना घर मिळालं, हे खरं. आवारातली वालपापडी आणि करटोल्यांचा वेल, दारातल्या कोंबड्या, पावसाळ्यातले भाजीचे चार पैसे, हे कोणत्याच पंचनाम्यात बसत नाही, आणि लिफ्टचा देखभाल खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला येतो.

झाडांचंही तसंच. राज्याच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची, आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं. आधीपेक्षा हे नक्कीच बरं. पण नव्वद वर्षांच्या वडाबदल्यात लावलेली नव्वद रोपं कुठे लागतात, तिथे आधी काय होतं, आणि त्या वडावर कोण राहत होतं याचा रकाना त्या अर्जात नाही. घुबडाला वर्ग करण्याचा आदेश काढता येत नाही.

आता दुसरी बाजू, जी माझ्यासारख्या जंगलप्रेमी मध्यमवर्गाला ऐकायला कडू लागते. १९९५ मध्ये एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवण्याचा लढा सुरू झाला, आणि ७ मे १९९७ ला उच्च न्यायालयाने उद्यान रिकामं करण्याचे आदेश दिले. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पात्र ठरलेल्यांना चांदिवलीला घरं देण्याची योजना झाली. अपात्र ठरलेल्यांनी काय केलं ते त्यांनाच ठाऊक. उद्यान वाचलं, हे मी नाकारत नाही. आज जे काही शिल्लक आहे त्यात त्या आदेशाचा वाटा आहे. पण त्याच वर्षांत उद्यानाच्या कडेने, उद्यानाकडे तोंड करून, टोलेजंग इमारती चढत होत्या, आणि त्यांच्या जाहिरातीत जंगल हेच मुख्य आकर्षण होतं. झोपडीतून जंगल दिसलं तर अतिक्रमण, बाल्कनीतून दिसलं तर चौरस फुटाला वाढीव दर. त्या झोपड्यांतल्या कितीतरी बायका त्याच इमारतींत धुणीभांडी करायला जायच्या. निसर्गावरच्या प्रेमाने गरिबाच्या घरावर बुलडोझर चालवता येतो, हे आपण पाहिलेलं आहे, म्हणून पाड्यावरचा माणूस आपल्या ‘झाडं वाचवा’च्या फलकाकडे जरा सावधपणे बघतो. बघू दे.

सध्या गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम चालू आहे. उद्यानाखालून पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे. वरची झाडं वाचतील, बिबट्याला ओलांडायला रस्ता लागणार नाही. एकोणीसशे नव्वद साल असतं तर सरळ डोंगर फोडून रस्ता नेला असता, तेव्हा ही सुधारणा मानायला हवी. पण बोगद्याला तोंड असतं, आणि हे तोंड उघडतं फिल्मसिटीच्या बाजूला, जिथे पुन्हा पाडे आहेत. बिबट्यासाठी जमिनीखाली गेलेला रस्ता माणसापाशी आल्यावर वर आला. दोघांचा विचार एकत्र केला असता तर काय निघालं असतं? कदाचित तोंड शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे सरकलं असतं. कदाचित नसतंही. पण प्रश्न कोणी घातला होता, हे इतिवृत्तात दिसलं असतं.

मला न्याय म्हणजे काही भव्य अपेक्षित नाही. नद्यांना कायद्याने व्यक्ती ठरवा, झाडांना मताचा हक्क द्या, असल्या घोषणा मला दुरून बऱ्या वाटतात. माझी मागणी वॉर्ड ऑफिसच्या पातळीची आहे. ना-विकास क्षेत्राच्या नकाशावर पाड्यांची नावं लिहा. वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्याखालचे दावे निकालात काढा, म्हणजे पाडा उठवायच्या आधी पाड्याला विचारावं लागेल. जंगलाच्या कडेच्या प्रत्येक वस्तीत घरोघरी संडास द्या, आणि त्याचा खर्च झोपडपट्टी सुधारणेसोबत वन्यजीव संरक्षणाच्या खात्यातही टाका, कारण तो दोन्हीकडचा आहे. आरेतून आणि घोडबंदरच्या रस्त्याने रात्री गाड्यांचा वेग आवरा. दिव्यांची तोंडं जमिनीकडे करा. उजेड पायवाटेवर हवा, झाडाच्या शेंड्यावर नको.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत कोणी पिंजरा लावा, कुत्री उचला, झाड तोडा, कबुतरांना जाळी मारा असं काही म्हणालं, तर हात वर करण्याआधी कचऱ्याची गाडी किती वाजता येते ते विचारा, डब्यांना झाकणं आहेत का ते खाली जाऊन बघा, आणि रात्रपाळीच्या रखवालदाराची खुर्ची तिथून हलवून उजेडात, भिंतीला पाठ लागेल अशी ठेवायला सांगा. याला कोणाचीही ना-हरकत लागत नाही.